सिस्टरने मेडिकल टाकावे का?

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू किंवा तलासरी तालुक्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात आरोग्य सेविका गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देते, तापाने फणफणलेल्या मुलाला पॅरासिटामॉल देते, जुलाबाला ओआरएस आणि झिंक देते. तिच्याकडे औषधविक्रीचा परवाना नसतो, उपकेंद्रात फार्मासिस्टही नसतो. तरी त्यात बेकायदा काही नाही. औषध नियम, १९४५ मधल्या अनुसूची 'के'ने शासनाच्या आरोग्य आणि कुटुंबकल्याण कार्यक्रमाखाली परिचारिकांनी आणि सहायक परिचारिका-प्रसाविकांनी दिलेल्या औषधांना विक्री परवान्याच्या अटीतून सूट दिली आहे. हीच सेविका संध्याकाळी उधव्याला भावाच्या मेडिकलमध्ये गल्ल्यामागे उभी राहिली आणि डॉक्टरची चिठ्ठी वाचून गोळ्या काढून देऊ लागली, तर मात्र फार्मसी कायदा, १९४८ चे कलम ४२ आडवे येते. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे ते कलम म्हणते. १९८४ पासून त्यात पळवाट उरलेली नाही. वॉर्डात वीस वर्षे औषधे दिलेली सिस्टर आणि काल बारावी झालेला पोरगा यांच्यात हे कलम काही फरक करत नाही.

नर्सिंग सोडून फार्मसीकडे वळावे का, हा प्रश्न या पट्ट्यातल्या बऱ्याच मुलींच्या मनात असतो. कारणे समजण्यासारखी आहेत. नाईट ड्यूटी, ११ महिन्यांचे कंत्राट आणि दर वर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार, एका सिस्टरच्या माथी अख्खा वॉर्ड, त्यात लग्न झाले की सासरहून कासा नाहीतर डहाणू गाठायची रोजची धावपळ. समोर मेडिकलचे दुकान दिसते ते पंखा, खुर्ची आणि स्वतःचा गल्ला या रूपात. माझे मत आधीच सांगून टाकतो. पगारासाठी हा बदल करण्यात तोटा आहे. आपल्या गावात आपले दुकान टाकायचे, तेही सचोटीने चालवायचे, एवढी तयारी आणि भांडवल असेल तरच त्यात अर्थ आहे. आणि हा विचार सुरू करायचा तो बारावीच्या गुणपत्रिकेपासून.

दारावरची अडचण

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका) या दोन्ही अभ्यासक्रमांना कला शाखेची बारावी चालते. आश्रमशाळेतून बारावी झालेल्या किती तरी मुली याच दारातून आरोग्यसेवेत आल्या. विज्ञान शाखा नसलेल्या गावातल्या मुलीला 'सिस्टर' होता आले, ही या अभ्यासक्रमांची फार मोठी देणगी आहे. पण फार्मसीच्या दारावर तीच गोष्ट अडते. डी.फार्मला, म्हणजे फार्मसीच्या पदविकेला, बारावी विज्ञानच लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित हवे. नर्सिंगची पदविका, नोंदणी, अनुभव यांपैकी काहीही त्या अटीला पर्याय नाही. बी.एस्सी. नर्सिंग झालेलीला ही अडचण नसते, कारण तिने बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेतलेलेच असते. कला शाखेतून आलेल्या एएनएम किंवा जीएनएम सिस्टरला मात्र आधी विज्ञानाची बारावी उभी करावी लागेल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे विषय देता येतात, पण ज्या महाविद्यालयात जायचे तिथे ती गुणपत्रिका चालते का, हे लेखी विचारूनच फी भरावी. तिशीतल्या, एका मुलाच्या आईने रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके नव्याने करायची म्हणजे काय, हे घरच्यांनीही समजून घ्यायला हवे.

दार उघडले तरी आत सवलत नाही. जीएनएमने तीन वर्षांत शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले असते. औषधांचे वर्ग, मात्रा, दुष्परिणाम तिने पाठच केलेले असतात. डी.फार्मच्या दोन वर्षांत यातले पुष्कळ पुन्हा येते. तरीही थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, विषयमाफी नाही. थेट दुसऱ्या वर्षाची सोय आहे ती डी.फार्म झालेल्यांना बी.फार्मला, नर्सिंगवाल्यांना कुठेच नाही. २०२० च्या शिक्षण विनियमांप्रमाणे दोन वर्षांनंतर सुमारे तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण करायचे. त्यानंतर २०२२ च्या विनियमांनी आणलेली एक्झिट परीक्षा: तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के, तेही एकाच बैठकीत. ती सुटली की राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी.

म्हणजे किमान २७ महिने. अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि हजेरीचा आहे, घरबसल्या डी.फार्म करून देतो म्हणणारा फसवतो आहे, एवढे पक्के समजावे. खासगी दवाखान्यात महिना १५ हजार मिळत असतील असे धरले, तर २७ महिन्यांत बुडालेला पगारच ४ लाख ५ हजार होतो. फी, पुस्तके, पालघर किंवा वापीपर्यंतचे गाडीभाडे त्यावर. शिष्यवृत्ती मिळेल या भरवशावर असलेल्या आदिवासी मुलीने एक व्यावसायिक अभ्यासक्रम झाल्यावर दुसऱ्याला ती लागू होते का, हे डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आधी विचारावे. प्रवेश घेऊन मग विचारू नये.

याच दोन वर्षांचा दुसरा उपयोगही समोर ठेवून पाहायला हवा. जीएनएम झालेल्या सिस्टरला पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोनच वर्षांत होते. तिथे तिची नोंदणी मोजली जाते, शिकलेले फुकट जात नाही. पदवी हातात आली की शिकवण्याच्या आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदांकडे जाणाऱ्या वाटा दिसू लागतात. फार्मसीचा विचार करणाऱ्या दहाजणींपैकी बहुतेकींना खरे तर ही वाट हवी असते, असा माझा कयास आहे. त्यांना रुग्ण नको नसतो, रात्र नको असते.

पगाराचे गणित

सरकारी नोकरीत कोणते पद कुठे बसते, ते वेतनश्रेणीत सरळ दिसते. सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्रात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) एस-१३ मध्ये आहे, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. जिल्हा परिषदेचा औषध निर्माण अधिकारी, म्हणजे फार्मासिस्ट, एस-१० मध्ये, २९,२०० ते ९२,३००. आरोग्य सेविका एस-८ मध्ये, २५,५०० ते ८१,१००. तेव्हा आरोग्य सेविकेला फार्मसीने दोन पायऱ्या वर चढता येते, पण जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेली सिस्टर दोन वर्षे शिकून तीन पायऱ्या खाली उतरते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी पदांत तर आरोग्य सेविकेलाही फायदा नाही. त्या जाहिरातींत अधिपरिचारिकेला २०,०००, एएनएमला १८,००० आणि फार्मासिस्टला १७,००० असे मानधन दिसत आले आहे.

शिवाय जागा किती, हेही पाहिले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या राष्ट्रीय मानकांत औषध निर्माण अधिकारी एक, परिचारिका तीन-चार, आणि खाली प्रत्येक उपकेंद्राला आरोग्य सेविका. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. म्हणजे फार्मासिस्टच्या एका खुर्चीमागे नर्सिंगच्या निदान आठ-दहा खुर्च्या. ती एक खुर्ची रिकामी होण्याची वाट किती वर्षे पाहायची?

या तालुक्यांपुरती आणखी एक गोष्ट आहे. डहाणू आणि तलासरी पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही स्थानिक पातळीवरची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्या पंक्तीत एएनएमही आहे. औषध निर्माण अधिकारी त्या पंक्तीत नाही. या भरतीचे घोडे पुढे न्यायालयात अडले, २०२४ मध्ये उमेदवारांना आंदोलने करावी लागली आणि मानधनावर नेमणुकांचा तोडगा निघाला, हे सगळे खरे. तरीही वारली, कोकणा किंवा दुबळा समाजातल्या मुलीला एएनएम म्हणून आपल्याच तालुक्यात जी राखीव जागा मिळू शकते, ती फार्मासिस्ट म्हणून मिळत नाही. हे सोडण्याआधी दोनदा विचार करावा.

परदेशाचे तर बोलायलाच नको. आखातापासून जर्मनीपर्यंत मागणी आहे ती नर्सला.

गल्ल्यामागे

मग दुकान. इथे मात्र विषय रंगतो, कारण नर्सिंगचे ज्ञान कागदावर शून्य ठरले तरी काउंटरवर ते सोन्यासारखे असते.

एक उदाहरण जवळून पाहू. सायवनकडच्या पाड्यावरून एक आजी नातवाला घेऊन आली. ताप आहे, 'गोड औषध' हवे. कपाटात पॅरासिटामॉल तीन प्रकारचे: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचे सिरप, ५ मिलीत २५० चे सिरप आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स. पोर १० किलोचे. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर १५० मिलिग्रॅम द्यायचे. पहिल्या बाटलीतून ते ६ मिली होतात, दुसरीतून ३, ड्रॉप्समधून दीड. घरी आधीची ड्रॉप्सची बाटली असेल आणि आजीने 'एक झाकण' हा हिशेब तिलाच लावला, तर पोराला तिपटीचौपटीने औषध जाते. वॉर्डात काम केलेली सिस्टर बाटली देण्याआधी विचारते, घरी अजून कोणते औषध आहे का? पोराला उचलून वजनाचा अंदाज घेते, झाकणावर पेनाने रेघ मारून देते, आणि हे सगळे वारलीत किंवा गुजरातीत सांगते. नुसता फार्मासिस्ट हे करू शकत नाही असे नाही. पण सिस्टरच्या हाताला ते वळण लागलेलेच असते.

या भागातले आजारही असे आहेत की विचारणारे माणूस लागते. सिकलसेलचा रुग्ण हायड्रॉक्सियुरिया घेत असतो, ते अचानक बंद करून चालत नाही. क्षयरोगाचा रुग्ण बरे वाटले की गोळ्या सोडतो. क्षयरोगाची औषधे अनुसूची एच-१ मध्ये आहेत; त्यांच्या विक्रीची वेगळी वही ठेवावी लागते, ती तीन वर्षे जपावी लागते, आणि २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे क्षयरोगाचे औषध नेणाऱ्या रुग्णाची माहिती मेडिकलवाल्यानेही शासनाला कळवायची असते. नोंदवह्या भरण्यात ज्या बाईची उमेदीची वर्षे गेली, तिला या वहीचा कंटाळा येणार नाही.

आता पैशाचे पाहू. किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा २०१३ च्या आदेशाने १६ टक्के बांधून दिला आहे. तो खरेदीच्या किमतीवर असल्याने विक्रीवर साधारण १४ टक्के पडतो. बाकीच्या औषधांवर २० टक्क्यांचा व्यापारी रिवाज. रोजची विक्री ३,००० रुपये धरली तर महिन्याला ९०,०००, आणि हातात येणारा नफा १२,६०० ते १८,०००. यातून भाडे, वीजबिल, एक्स्पायरीत गेलेला माल आणि बुडालेली उधारी काढा. कंत्राटी सिस्टरइतके, म्हणजे २० हजार, खरोखर घरी न्यायचे आणि खर्च १२ हजारांचा असेल, तर सरासरी १७ टक्क्यांनी महिन्याची विक्री १ लाख ८८ हजारांच्या आसपास, म्हणजे रोज ६,३०० रुपयांची व्हायला हवी. डहाणू स्टेशनजवळ किंवा तलासरी नाक्यावर ते जमेल, पण तिथे आधीच रांगेने मेडिकल आहेत. पाड्यांच्या तोंडावर स्पर्धा कमी, पण खिसेही हलके. तिथे लोक पट्टी कधी घेत नाहीत, दोन गोळ्या कापून मागतात. कापताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ज्या कोपऱ्यावर छापलेली, तो कोपरा शेवटपर्यंत राखायची शिस्त पाळावी लागते. शिवाय १,००० पर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉलसारखी घरगुती औषधे विनापरवाना विकण्याची मुभा अनुसूची 'के'नेच किराणावाल्याला दिली आहे.

सरकारी दवाखान्यासमोर दुकान टाकावे ही जुनी अक्कलही आता तपासून घ्यायला हवी. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. रुग्णाच्या दृष्टीने फार चांगले झाले. समोरच्या मेडिकलचा धंदा आता आतला साठा संपण्यावर अवलंबून. जनऔषधी केंद्र हा एक पर्याय आहे. त्यात २० टक्के नफा आणि महिलांना, अनुसूचित जमातींना खास प्रोत्साहन आहे. पण औषध स्वस्त असल्याने टक्केवारी लहान रकमेवर बसते. १०० रुपयांच्या गोळ्यांऐवजी ३० च्या विकल्या तर २० रुपयांच्या जागी ६ रुपये मिळतात. समाजाच्या हिताचे दुकान आणि चालणारे दुकान एकच करायला गिऱ्हाईक पुष्कळ लागते.

परवान्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते, इन्सुलिन आणि काही इंजेक्शनांसाठी फ्रीज लागतो, आणि दुकान उघडे असेपर्यंत फार्मासिस्ट हजर लागतो. सकाळी नऊला उघडलेले दुकान रात्री दहाला बंद होते. नाईट ड्यूटीला कंटाळून आलेल्या बाईच्या पदरात तेरा तासांची डे ड्यूटी पडते, आठवड्याची सुट्टीही स्वतःच मारायची. नवरा थोडा वेळ बसेल, असे घरोघरी ठरते. कायद्याला ते मान्य नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर राज्यभर कारवाई झाली, औषधविक्रेत्यांच्या संघटना बंदच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या, आणि प्रमाणपत्र भिंतीवर टांगून माणूस भलतीकडेच, हा प्रकार चव्हाट्यावर आला. प्रमाणपत्र भाड्याने देऊन घरबसल्या महिना काही हजार मिळवावेत म्हणून जी डी.फार्म करू पाहते, तिने हे लक्षात ठेवावे. चुकीचे औषध गेले तर नाव तिचेच पुढे येते.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत राहून बाजूला दुकान, हेही वर्तणूक नियमांत बसत नाही. दोन्ही परिषदांकडे नोंदणी ठेवता येते, दोन्ही खुर्च्यांवर बसता येत नाही.

पण मला यापेक्षा मोठी भीती वेगळीच वाटते. गावात 'सिस्टरचे मेडिकल' सुरू झाले की तिसऱ्या दिवशी कोणी तरी म्हणणार, "बाय, सुई मारून दे ना, डॉक्टर लांब आहे." चौथ्या दिवशी सलाईन. तिला शीर सापडते, हात स्थिर आहे, समोरचे माणूस ओळखीचे आहे आणि रात्रीच्या वेळी डहाणूला न्यायला गाडी नाही. नाही म्हणणे अवघड जाते. पण चिठ्ठीविना इंजेक्शन दिले की ती नर्सही राहत नाही आणि फार्मासिस्टही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ च्या नजरेत ती बेकायदा डॉक्टरकी करणारी ठरते. वॉर्डात तिच्यामागे डॉक्टरची लेखी ऑर्डर असते, ट्रेमध्ये अॅड्रेनॅलिन असते, हाक मारली तर धावणारे चारजण असतात. दुकानात रिअॅक्शन आली तर ती एकटी. नर्सिंगमधून आलेल्या बाईला दुकान चालवताना जी शिस्त सर्वात कठीण जाईल ती हीच, आणि कुठल्याही अभ्यासक्रमात ती शिकवत नाहीत.

कारखाने आणि सीमा

तलासरीच्या मुलीला नोकरीसाठी उंबरगाव, वापी, सिल्वासा ही नावे मुंबईपेक्षा जवळची. डहाणूकरांना दक्षिणेला बोईसर-तारापूर. या सगळ्या पट्ट्यात औषधनिर्मिती आहे, म्हणून फार्मसी केली की कंपनीत लागू, असा हिशेब होतो. त्यात गफलत अशी की कारखान्यात उत्पादनावर देखरेख करणारा जाणकार म्हणून कायदा ज्याला मानतो त्याच्याकडे मुख्यतः पदवी लागते; डी.फार्मवाली पॅकिंग, स्टोअर, नोंदी यांवर राहते, आणि शिफ्ट तिथेही तीन. उलट नर्सिंगच्या जोरावरच कारखान्यात शिरता येते. कायद्याप्रमाणे ५०० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपचार-कक्ष (अॅम्ब्युलन्स रूम) ठेवावा लागतो आणि तिथे परिचारिका लागते. वापी-सिल्वासाच्या पट्ट्यात असे कारखाने आहेत, आणि ही वाट या दोन तालुक्यांत फारशी कोणी चोखाळत नाही.

घाऊक विक्रीची गोष्ट तर आणखी कमी जणींना ठाऊक असते. औषध नियमांप्रमाणे घाऊक परवान्यासाठी फार्मासिस्टच हवा असे नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि औषधांच्या व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव, किंवा मॅट्रिक आणि चार वर्षांचा अनुभव असलेली व्यक्तीही चालते. बी.एस्सी. नर्सिंग ही पदवीच आहे. एखाद्या स्टॉकिस्टकडे वर्षभर रीतसर काम केलेली सिस्टर डी.फार्म न करता घाऊक व्यवसायात उतरू शकते. भांडवल जास्त लागते, उधारीही मोठी अडकते. पण २७ महिने वाचतात.

शेवटी सीमेचे. महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेत नाव असलेल्या तलासरीच्या मुलीचे सासर संजाण किंवा भिलाडला असेल, तर माहेरापासून दुकानाचे अंतर दहा किलोमीटर असले तरी राज्य बदलते, परिषद बदलते आणि परवाना देणारे खातेही गुजरातचे होते. नोंदणी तिकडे नेल्यावरच तिच्या नावावर तिथे परवाना मागता येतो. नोंदणी नेण्याचे सोपस्कार नर्सिंगलाही आहेत, पण तिथे निदान भांडवल अडकलेले नसते. दुकानाचा गाळा बघण्याआधी हे कागद मार्गी लावावेत, कारण भाडे पहिल्या महिन्यापासून सुरू होते.